गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी घरच्या घरी: टोळी निघायच्या आधी काय काय करायचं

माझ्या सासूबाईंनी २५ हंगाम ऊस तोडला. दसरा झाला की टोळी निघायची आणि कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, घरी यायला पाडवा उलटायचा. आमच्याकडे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची शिबिरं व्हायची ती जानेवारीत, कारण जानेवारी हा या कॅन्सरच्या जागृतीचा महिना. नाहीतर ८ मार्चला, महिला दिनाला. त्या दिवसांत गावातल्या निम्म्या बाया सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडावर असतात. ज्या एका वर्षी सासूबाई गावात होत्या, त्या वर्षी शाळेच्या खोलीत मांडलेलं टेबल बघून त्या दारातूनच माघारी फिरल्या. "परक्या माणसापुढं असं निजायचं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई," एवढंच बोलल्या.

पुढे एका रुग्णालयाचं पथक स्वतःचा नमुना स्वतः घ्यायची किट घेऊन गावात आलं. पहिला नमुना मी माझा घेतला, मग माझ्या जाऊबाईंनी, मग सासूबाईंनी. मी बचत गटाची सीआरपी, म्हणजे गावातल्या गटांना मदत करणारी कार्यकर्ती आहे, डॉक्टर किंवा नर्स नाही. पण त्यानंतर दोन पावसाळे आमच्या गटातल्या आणि जवळच्या तांड्यावरच्या बायांसोबत मी हे सगळं केलं, आणि एक गोष्ट पक्की कळली. नमुना घ्यायचं काम दोन मिनिटांचं आहे. चुका होतात त्या त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर. म्हणून खाली त्या दोन्ही बाजूंबद्दल जास्त लिहिलं आहे.

थोडं आधी समजून घ्या

गर्भाशयाचं तोंड, म्हणजे आपण 'पिशवीचं तोंड' म्हणतो ती जागा, तिथे होणारा हा कॅन्सर जवळपास नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. या विषाणूचे पुष्कळ प्रकार आहेत. त्यातले १६ आणि १८ नंबरचे दोन प्रकार मिळून साधारण ७० टक्के कॅन्सर करतात. शरीरसंबंध सुरू झालेल्या बहुतेक बायकांना आयुष्यात कधीतरी हा विषाणू लागतो आणि बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यात पेशी हळूहळू बदलत जातात. त्या बदलाचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. ही सगळी वर्षं आपल्या हातात असतात. या काळात दुखत नाही, खुपत नाही, म्हणूनच तपासल्याशिवाय कळत नाही.

तपासणीने जीव वाचतात हे दुसऱ्या कुणाच्या देशात सिद्ध झालेलं नाही, आपल्याच धाराशिव जिल्ह्यात झालं आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ज्या गावांत एकदाच, फक्त एकदा, एचपीव्हीची तपासणी झाली, तिथे पुढच्या ८ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत जवळपास निम्मे झाले. हा निकाल २००९ साली जगभर पोहोचला. त्या अभ्यासात नमुने आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतले होते. आता तोच नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालतो, हे नंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झालं आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ते मान्य केलं आहे. आपल्या आया-आत्यांनी जगाला ही वाट दाखवली. असं असताना देशात ३० ते ४९ वयाच्या १०० बायांतल्या जेमतेम २ जणींनी कधी ही तपासणी केली असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. याचं मला फार वाईट वाटतं.

१. ही तपासणी तुमच्यासाठी आहे का, ते आधी ठरवा

वय ३० पूर्ण झालेल्या आणि ६५ च्या आतल्या, कधीही शरीरसंबंध आलेल्या प्रत्येक बाईने ही करावी. विधवा, परित्यक्ता, पाळी गेलेली, नवऱ्यापासून १० वर्षं लांब राहणारी, सगळ्यांनी. विषाणू वर्षानुवर्षं अंगात गुपचूप राहू शकतो. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बायांनी २५ व्या वर्षापासूनच सुरुवात करायची आणि दर ३ ते ५ वर्षांनी तपासायचं.

"माझं ऑपरेशन झालंय" हे उत्तर ऐकलं की तिथेच थांबू नका. आपल्याकडे ऑपरेशन म्हणजे बहुतेक वेळा कुटुंब नियोजनाचं. आमच्या पहिल्या यादीत अशा कितीतरी बायांपुढे मी 'ऑपरेशन झालेलं' लिहून त्यांना वगळलं होतं. नंतर आशाताईंनी एकेकीला नीट विचारलं तेव्हा कळलं की बहुतेकींची फक्त नस बांधलेली आहे. त्यांना तपासणी हवीच. तांबी बसवलेली असली तरी तपासणी करता येते. पिशवीच काढलेली असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा. काही वेळा पिशवी काढतात पण तिचं तोंड आत तसंच राहतं. तोंडासकट काढली आहे का हे कार्डावरून डॉक्टरच सांगतील. कार्ड हरवलं असेल तर एकदा तपासून घेणं बरं.

आता महत्त्वाचा धोका. घरची तपासणी ही काही त्रास नसलेल्या बाईसाठी आहे. खालीलपैकी काहीही असेल तर किटची वाट न बघता थेट डॉक्टरकडे जा:

- पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, अगदी एक डाग असला तरी
- संबंधानंतर रक्त जाणं
- दोन पाळ्यांच्या मधे अंगावरून रक्त जाणं
- घाण वासाचं किंवा रक्तमिश्रित पाणी जाणं
- ओटीपोट, कंबर सतत दुखणं आणि सोबत वजन उतरणं

आशाताई ३० च्या पुढच्या प्रत्येक माणसाचा आजारांच्या धोक्याची नोंद करणारा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यातही यातले बरेच प्रश्न असतात. पण तो फॉर्म ओसरीवर, सासरा-दीर बसलेले असताना भरला तर सगळ्या प्रश्नांना 'नाही' असंच उत्तर येतं. आशाताईंना आत चुलीपाशी बोलवा आणि खरं सांगा.

गरोदर असाल तर आता किट वापरू नका. बाळंतपण किंवा गर्भपात झाल्यावर ३ महिने जाऊ द्या.

२. महिना आणि दिवस धरा

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी सगळ्यात चांगला काळ म्हणजे अक्षय्य तृतीया ते पोळा. उशिरात उशीर गणपती. नवरात्रात नमुना घेतला तर रिपोर्ट यायच्या आत टोळी निघते, आणि पॉझिटिव्ह बाई फडावर, तिचा कागद गावात, असं होतं. आमच्याकडे पहिल्या वर्षी एकीचं तसं झालं. मुकादमाची उचल घेतलेली, मधेच परत यायची सोय नाही. तिला पुढची तपासणी मिळायला पाच महिने गेले. सुदैवाने एवढ्या उशिराने फारसं बिघडत नाही, पण त्या पाच महिन्यांत ती फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, रात्र रात्र जागी होती.

खरिपाच्या पेरणीचे पंधरा दिवस मात्र सोडून द्या. मृगाचा पाऊस पडल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

दिवस ठरवताना पाळी चालू नको. अंगावर जाणं पूर्ण थांबून दोन-तीन दिवस झालेले असावेत. आदल्या दोन दिवसांत संबंध नको, आत ठेवायची गोळी किंवा मलम नको, आतून धुणं नको.

३. किट कुठून मिळतं आणि घेताना काय विचारायचं

उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जी तपासणी होते ती बहुधा 'व्हीआयए' असते. त्यात सिस्टर किंवा डॉक्टर पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का ते बघतात. तीही चांगली तपासणी आहे. टेबलाची लाज किंवा भीती नसेल तर ती जरूर करा. स्वतः नमुना घ्यायचं किट वेगळं. ते मेडिकल कॉलेज, कॅन्सर रुग्णालयं, संस्था यांच्या मोहिमांतून किंवा खासगी लॅबमधून मिळतं. सुरुवात आपल्या उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा सिस्टरना विचारून करा. जिल्ह्यात कुठे मोहीम चालू आहे हे त्यांना कळलेलं असतं.

किट हातात घेण्याआधी चार प्रश्न विचारा. यातल्या एकालाही धड उत्तर मिळालं नाही तर किट घेऊ नका.

पहिला, तपासणी पीसीआर पद्धतीची आहे का? स्वतः घेतलेल्या नमुन्यावर पीसीआर तपासणी डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याइतकीच नीट विषाणू पकडते. काही जुन्या पद्धती अशा नमुन्यात थोड्या कमी पडतात. दुसरा, रिपोर्ट किती दिवसांत, कुणाच्या हातात? तिसरा, पॉझिटिव्ह आलं तर पुढची तपासणी कुठे आणि कोण करणार? चौथा, पैसे किती, आणि पुढच्या तपासणीचे वेगळे का?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. किट वाटून फोटो काढून निघून जाणाऱ्या मोहिमेपेक्षा मोहीम नसलेली बरी, असं मी अनुभवाने म्हणते. बाईला 'तुझ्यात विषाणू आहे' असं सांगायचं आणि वाऱ्यावर सोडायचं, हे पाप आहे.

जवळ ठेवायच्या गोष्टी:

- आधार कार्ड आणि रेशनकार्ड, दोन्हींच्या झेरॉक्स
- असेल तर आयुष्मान कार्ड
- जुन्या तपासण्या, ऑपरेशन, डिस्चार्ज कार्ड यांचे कागद
- शेवटच्या पाळीची तारीख कॅलेंडरवर खूण करून
- तुमच्या स्वतःच्या हातात राहणारा मोबाईल नंबर
- साबण, स्वच्छ पाणी, धुतलेला कोरडा पंचा, पेन

मोबाईल नंबरवर जरा थांबा. बहुतेक घरांत एकच मोबाईल आणि तो नवऱ्याकडे किंवा कॉलेजला जाणाऱ्या मुलाकडे. रिपोर्ट त्याच्यावर गेला तर बाईच्या आधी घराला कळतं. स्वतःचा फोन नसेल तर जिच्यावर तुमचा भरवसा आहे त्या आशाताईंचा किंवा मैत्रिणीचा नंबर, तिला विचारून, द्या.

४. नमुना घेणं

जागा आणि वेळ आधी ठरवा. दार लागणारी न्हाणी असेल तर उत्तम. नसेल तर पहाटे, पुरुष माणसं उठायच्या आत, किंवा सगळे शेतात गेल्यावर. आमच्या तांड्यावर एका मावशीच्या घराला आतून कडी होती, तर दहा जणींनी पाळीपाळीने तिथेच नमुने घेतले आणि बाहेर बसलेल्या बाकीच्यांनी राखण केली.

बाहेरून नेहमीसारखी अंघोळ करा. आत साबण, डेटॉल काहीही घालू नका. मग असं करा:

१) लघवी करून घ्या. साबणाने हात धुऊन कोरडे करा.

२) पाकीट फोडायच्या आधी नळीवर नाव, वय, तारीख लिहून घ्या. नंतर लिहू म्हटलं की राहतं. घरात सासू-सुना दोघी नमुना देणार असतील तर नळ्यांची अदलाबदल होते, म्हणून एकीचं पूर्ण झाल्याशिवाय दुसरीचं पाकीट उघडायचं नाही.

३) पाकिटातून स्वॅब काढा. लांब काडी आणि टोकाला मऊ तंतू किंवा ब्रश असतो. टोकाला बोट लावू नका, ते कुठे टेकवू नका. खाली पडलं तर धुऊन वापरायचं नाही. दुसरं किट मागा.

४) उकिडवं बसा, किंवा एक पाय विटेवर, पालथ्या बादलीवर ठेवून उभ्या राहा. आपल्या बायांना उकिडवं बसणंच सगळ्यात सोपं जातं. अंग सैल सोडा, लांब श्वास घ्या.

५) एका हाताने जागा थोडी मोकळी करा आणि दुसऱ्या हाताने स्वॅब हळूच पाळीच्या मार्गात सरकवा. सरळ वर नाही, पाठीच्या कण्याच्या दिशेने. मधल्या बोटाची दोन पेरं जातील एवढा आत, किंवा काडीवर खूण असेल तर खुणेपर्यंत. अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका. काढून, अंग सैल करून, दिशा थोडी बदलून पुन्हा सरकवा. पिशवीच्या तोंडाला टेकलाच पाहिजे असं काही नाही. मार्गातल्या पाण्यातही त्या पेशी आणि विषाणू सापडतात, म्हणूनच तर ही तपासणी घरी करता येते.

६) आता स्वॅब आतल्या आत गोल फिरवा. किती वेळा ते किटच्या कागदावर लिहिलेलं असतं. साधारण २० ते ३० अंक मोजेपर्यंत बहुतेक किटना पुरतं.

७) तसाच बाहेर काढा, मागच्या जागेला किंवा कपड्याला न लावता. नळीत घाला, काडीवर खूण असेल तिथे मोडा, झाकण घट्ट लावा. हात धुवा.

काही नळ्या कोरड्या असतात, काहींत औषधी पाणी असतं. ते पाणी ओतून द्यायचं नाही आणि सांडलं तर साधं पाणी भरायचं नाही. एका आजींनी 'तपासणीची नळी' म्हटल्यावर तीत लघवीच भरून आणली. चूक त्यांची नव्हती. आजवर दवाखान्याने नळी दिली ती लघवीसाठीच, आणि आम्ही नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येकीला आधी रिकामा स्वॅब हातात देते आणि मुठीचा बोगदा करून त्यात कसा फिरवायचा ते करून दाखवते. बोलून जे दहा वाक्यांत कळत नाही ते मुठीत एकदा बघून कळतं.

पाळी गेलेल्या बायांना आत कोरडं असतं, थोडं चुरचुरतं, क्वचित रक्ताचा ठिपका दिसतो. तो लगेच थांबला तर काळजी नाही. खोबरेल तेल, व्हॅसलीन लावून स्वॅब घालू नका, नमुना बिघडतो.

५. नळी पोहोचवणं

ठरलेल्या दिवसांच्या आत नळी आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात द्या. तोवर घरात सावलीत, लेकरांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या घरात काय उकाडा होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पत्र्याखालच्या फळीवर, खिडकीत किंवा मोटरसायकलच्या डिकीत नळी ठेवू नका. माठाजवळची गार जागा चांगली. देताना रजिस्टरमध्ये आपल्या नावापुढे नोंद झाली का ते स्वतः बघा आणि नळीवरचा नंबर आपल्याकडे लिहून ठेवा.

६. रिपोर्टचे तीन अर्थ

*निगेटिव्ह:* धोक्याचा विषाणू सापडला नाही. पुढची तपासणी साधारण ५ वर्षांनी. मधे वर सांगितलेला कुठलाही त्रास झाला तर निगेटिव्ह कागद बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं.

*नमुना अपुरा:* स्वॅबवर पुरेशा पेशी आल्या नाहीत. पुन्हा घ्यायचा, बस्स. हा वाईट रिपोर्ट नाही.

*पॉझिटिव्ह:* विषाणू सापडला. एवढंच. कॅन्सर सापडलेला नाही. १०० बायांत साधारण ५ ते १० जणी पॉझिटिव्ह येतात आणि त्यातल्याही बहुतेकींच्या पिशवीच्या तोंडावर काहीच बदल झालेला नसतो.

पॉझिटिव्ह रिपोर्ट कधी फोनवर सांगू नये, चावडीवर तर मुळीच नाही. घरी जाऊन, एकटीला, हात हातात घेऊन सांगावा. पहिला प्रश्न बहुतेक वेळा कॅन्सरचा नसतो. तो असतो, "हे मला कुठून आलं? आता हे काय म्हणतील?" याचं उत्तर तोंडपाठ ठेवा. हा विषाणू १०, २० वर्षांपूर्वी लागलेला असू शकतो. कुणाकडून कुणाला गेला हे कुठल्याही तपासणीने कळत नाही. पुरुषांची यासाठी नेहमीची अशी तपासणीही नाही. यावरून कुणाच्या वागणुकीचा काहीही अर्थ निघत नाही. नवऱ्याला सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे त्या बाईने ठरवावं. तिला हवं असेल तर सिस्टरना सोबत घेऊन सांगा. पांढऱ्या कोटातल्या माणसाचं घरात ऐकलं जातं.

७. पॉझिटिव्ह आल्यावर: घाई नको, चालढकलही नको

इथे मला माझ्या जाऊबाईंचं सांगावं लागेल. त्यांचं वय तेव्हा ३६. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. घरातल्यांनी घाबरून त्यांना तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे आतून तपासलंही नाही. कागद बघितला आणि सांगितलं, "पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल, सोमवारी काढून टाकू." पैशाचा आकडाही सांगितला. दिरांनी मुकादमाकडे जादा उचल मागायचं ठरवलं होतं.

आपल्या भागात हे नवीन नाही. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, तर १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पांढरं जातंय, कंबर दुखतेय, अशा कारणांसाठी आणि 'कॅन्सर होईल' या भीतीपोटी तिशीतल्या बायांची गर्भाशयं गेली. सोबत अंडाशयं काढली तर पाळी एकदम जाते, हाडं ठिसूळ होतात, आणि त्याच अंगाने पुन्हा मोळी उचलायची असते. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला.

म्हणून हे ठळक लिहून ठेवा: फक्त एचपीव्ही पॉझिटिव्ह आहे म्हणून पिशवी काढायची नसते. कुणी असं सांगितलं तर "बायोप्सीचा रिपोर्ट कुठे आहे?" असं विचारा आणि कागद घेऊन बाहेर पडा.

बरोबर क्रम असा आहे. आधी डॉक्टर पिशवीचं तोंड बघतात, व्हीआयए करून किंवा कॉल्पोस्कोपने, म्हणजे दुर्बिणीसारख्या मोठं करून दाखवणाऱ्या यंत्राने. १६ किंवा १८ नंबरचा प्रकार निघाला असेल तर कॉल्पोस्कोपीच करून घ्यावी. संशय आला तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. काहीच बदल नसेल तर उपचार लागत नाही. डॉक्टर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा बोलावतात. बदल असेल आणि तो वरवरचा, पूर्ण दिसणारा असेल तर तेवढीच जागा उष्णतेने जाळतात. याला थर्मल ॲब्लेशन म्हणतात. साधारण १०० अंशाला तापलेलं छोटं टोक काही सेकंद टेकवतात, बहुतेकींना भूलही लागत नाही. बदल मोठा असेल किंवा आतवर गेला असेल तर जागा बधिर करून तारेच्या कड्याने तेवढा भाग काढतात, ते लीप. पिशवी जागेवर राहते.

जाऊबाईंना आम्ही दुसऱ्याच दिवशी सरकारी रुग्णालयात नेलं. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाण्याचा खर्च फार आला नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पांढरा डाग उठला, बायोप्सी झाली. पुढच्या खेपेला थर्मल ॲब्लेशन झालं. पाळीत दुखतं तेवढं ओटीपोटात दुखलं, आणि संध्याकाळच्या गाडीने आम्ही घरी आलो. नंतर काही आठवडे पाणी जात राहतं, ते अपेक्षित आहे. महिनाभर संबंध नाही, आत काही ठेवायचं नाही, जड उचलायचं नाही. ताप आला, घाण वास आला किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त गेलं तर लगेच दाखवायचं. वर्षाने पुन्हा एचपीव्हीची तपासणी करायची असते. ती त्यांनी केली, निगेटिव्ह आली.

मराठवाड्यात दाखवायची मोठी ठिकाणं म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, आणि लातूर, नांदेड, अंबाजोगाई इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. धाराशिव, परंडा, भूमकडच्या लोकांना बार्शी जवळ पडते. सोबत प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी न्या, म्हणजे कुठल्या ओपीडीत जायचं ते शोधत फिरावं लागत नाही. कॉल्पोस्कोपी कुठल्या वारी असते हे आधी विचारून निघा. आम्ही एकदा तीन जणींना घेऊन शंभर किलोमीटर गेलो आणि ती ओपीडी त्या वारी नव्हतीच. तीन मजुऱ्या बुडाल्या.

कॅन्सरच निघाला तर उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. आधी तिथे जा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा, आणि मगच कुठल्या काऊंटरवर पैसे भरायचे का ते ठरवा. दोन्ही कागदांवर नाव एकसारखं नसेल तर ते आजच दुरुस्तीला टाका. आपल्याकडे आधारवर माहेरचं आणि रेशनवर सासरचं नाव असणं रोजचं आहे, आणि नेमकं गरजेच्या वेळी ते आडवं येतं.

८. जी येत नाही तिच्यापर्यंत कसं जायचं

हे आशाताई, सीआरपी, अंगणवाडीताई आणि घरातल्या लेकी-सुनांसाठी.

यादी मतदार यादीवरून किंवा गटाच्या रजिस्टरवरून करू नका. गटात जी आहे ती तशीही सापडते. वस्तीवरचं शेवटचं घर, तांडा, शेतावर सालगडी असलेलं जोडपं, माहेरी परत आलेली लेक, ही नावं वेगळी लिहा. तांड्यावर गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलणारी बाई सोबत न्या, मोहल्ल्यात तिथलीच कुणी. मी एकटी गेले तेव्हा चहा मिळाला, होकार नाही.

'कॅन्सर' शब्दाने सुरुवात केली की दार बंद होतं. मी आधी माझ्याबद्दल सांगते: मी केलं, दुखलं नाही, टेबलावर चढावं लागलं नाही, कुणी बघितलं नाही. "आता ह्या वयात कशाला व माय, काय ऱ्हायलंय तिथं?" असं म्हातारी म्हणाली की सांगते, हा आजार पाळी गेल्यावरही होतो, आणि स्वॅब तिच्या हातात देऊन निघून जाते. किट तिच्याजवळ एक-दोन दिवस राहू दे. बसून आग्रह केला तर लाजेने 'हो' म्हणते आणि नळी तशीच कोरी परत येते.

नको म्हणणाऱ्या बाईचं नको ऐका आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा विचारा. तिला व्हीआयए चालत असेल तर तारीख काढून द्या. ९ ते १४ वयाच्या मुली घरात असतील तर एचपीव्हीच्या लसीबद्दल त्याच भेटीत सांगा. पण लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागतेच, हेही सांगा.

एक वही करा. तीत बाईचं नाव, नळीचा नंबर, नमुन्याची तारीख, रिपोर्ट, पुढे कुठे पाठवलं, गेली का, आणि टोळी कधी निघणार, असे रकाने आखा. वही कुलपात ठेवा. रिपोर्टचा रकाना मी नुसत्या खुणांनी भरते, म्हणजे कुणी उघडली तरी कळत नाही. श्रावण लागला की रोज संध्याकाळी मी एकच बघते: पॉझिटिव्हच्या खुणेपुढचा 'गेली का' हा रकाना कुणाचा रिकामा आहे.

सासूबाईंनी किट चार दिवस उतरंडीच्या मागे ठेवलं होतं. पाचव्या दिवशी पहाटे त्यांनी नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "येवढंच व्हतं व्हय? मग त्या टेबलाचं कशाला घातलं व्हतं?" त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. पुढच्या तपासणीचं साल मी वहीत लिहिलं आहे, आणि यंदा त्यांच्या दोघी बहिणींची किट त्याच घेऊन गेल्या आहेत.